हाताने रंगवलेलं टेक्श्चर: मॉडेलवर लाइट नेमका किती ठेवायचा?

तटबंदी

नमस्कार मंडळी. फोनवर चालेल असा एक छोटा खेळ बनवतेय. जागा आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्ला. दुहेरी तट, खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, एवढंच पहिल्या टप्प्यात घेतलंय. बुरूज, दरवाजा, पायऱ्या ही सगळी मॉडेल्स मोजक्या पॉलिगॉनची, म्हणजे थोड्याच सपाट तुकड्यांची आहेत. दगडाचा सगळा जीव टेक्श्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रात आहे आणि तो मी क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशने रंगवलाय. चिऱ्याची वरची कड उजळ, खालची कड निळसर काळी, सांध्यात मातीचा तांबूस रंग, कोपऱ्याला टवका उडालेला.

क्रिटामध्ये हा दगड जसा दिसतो तसा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या रेंडरमध्ये, म्हणजे तयार चित्रात दिसत नाही. रंग धुऊन काढल्यासारखे फिके पडतात. सूर्याचा लाइट लावला की मी रंगवलेल्या सावलीवर ब्लेंडरची सावली चढते आणि बुरुजाची एक बाजू काळीठिक्कर होते. लाइट काढला तर सगळाच अंधार.

माझं मत असं आहे की प्रकाश रंगातच द्यावा, इंजिनने त्यात हात घालू नये. पण भावाचं म्हणणं, मग पात्रं जमिनीला टेकलेली वाटत नाहीत, तरंगतात. तुम्ही लोक लाइट किती ठेवता? शून्य, की थोडा?

शेंगाचटणी

किल्ल्यावर खेळ! लै भारी. मला यातलं काही कळत नाही, पण दरवाज्यापाशी शेंगाचटणी आणि कडक भाकरीवालीला जागा ठेवा. खेळाडूची ताकद वाढायला याहून चांगलं औषध नाही.

निखळ_छटा

तटबंदी, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. रंग फिके पडणं हा लाइटचा प्रश्नच नाही, तो कलर मॅनेजमेंटचा आहे.

ब्लेंडर २.८० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (मोजलेला उजेड पडद्यावरच्या रंगात बदलायची पद्धत) मुळातच ‘फिल्मिक’ असायचा, ४.० पासून ‘एजीएक्स’ असतो. दोन्ही फोटोसारख्या दृश्यांसाठी आहेत. खूप प्रखर प्रकाश सांभाळून घ्यायचा म्हणून ते उजळ रंग दाबतात आणि त्यांचा भडकपणा कमी करतात. खऱ्या उन्हाचं दृश्य रेंडर करताना ते हवंच असतं. पण तुमचा रंग आधीच पक्का ठरलेला आहे, त्याला कुणी दाबायची गरज नाही. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये खाली कलर मॅनेजमेंट उघडा, व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ करा, लुक ‘नन’ ठेवा. टेक्श्चरच्या नोडवर कलर स्पेस ‘एसआरजीबी’ आहे ना तेही बघा.

आता लाइट. मटेरियलमधला प्रिन्सिपल्ड नोड काढून टाका. इमेज टेक्श्चरचा रंग ‘एमिशन’ (स्वतः उजळणाऱ्या) नोडला जोडा, स्ट्रेंग्थ १, आणि तो थेट आउटपुटला. आता एकही लाइट नसताना क्रिटामधला रंग जसाच्या तसा दिसेल. हे ईव्हीमध्ये करा; ईव्ही आणि सायकल्स हे ब्लेंडरचे रेंडर करायचे दोन मार्ग. सायकल्समध्ये एमिशनचं मॉडेल स्वतःच दिवा बनून शेजारच्या वस्तूंवर उजेड टाकतं. तिथेच रेंडर करायचं असेल तर लाइट पाथ नोडमधलं ‘इज कॅमेरा रे’ वापरून ते थांबवावं लागतं.

रंगवत असताना तर रेंडरची वाटही बघू नका. सॉलिड व्ह्यूमध्ये लाइटिंग ‘फ्लॅट’ आणि कलर ‘टेक्श्चर’ केलं की काम झालं.

पॉलिगॉन_पंढरी

छटाशी शंभर टक्के सहमत. मी पुण्यात एका स्टुडिओत हेच काम करतो, मूळचा पंढरपूरचा.

ही शैली आली कुठून ते बघितलं की तटबंदीचं मत का बरोबर आहे ते कळतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ २००४ सालचा. तेव्हाच्या कॉम्प्युटरांना प्रत्येक वस्तूवर खरा प्रकाश मोजणं झेपणारं नव्हतं. म्हणून चित्रकारांनी उजेड, सावली, लोखंडाची चमक, लाकडाच्या खाचा सगळं टेक्श्चरमध्येच रंगवलं. पुढे ग्राफिक्स कार्डं दणकट झाली तरी ही पद्धत टिकली. कारण त्यात माणसाचा हात दिसतो. चमक कुठे पडेल हे सूत्र ठरवत नाही, चित्रकार ठरवतो. अशा मॉडेलवर पुन्हा पूर्ण लाइट टाकणं म्हणजे एकाच वस्तूला दोन सूर्य लावणं. एक तुम्ही रंगवलेला, दुसरा इंजिनचा, आणि दोघांची दिशा कधीच जुळत नाही.

माझं उत्तर: शून्य लाइट. पात्राच्या पायाखाली एक गोल, मऊ कडांचा, अर्धपारदर्शक काळा ठिपका ठेवा. तरंगणं तिथेच संपतं.

बाळीवेशीचा_बाळ

पंढरीदादा, शून्य लाइट मला पटत नाही. एका जागी उभ्या वस्तूला ठीक आहे. पण पात्र वळलं, हात वर केला, मान फिरवली आणि रंगात काहीच बदल झाला नाही, तर ते कागदाचं वाटतं. कॅमेरा फिरत असेल तर बुरुजाचा गोलपणाही हरवतो. बुरूज गोल आहे हे डोळ्याला कळतं ते एका बाजूकडून दुसरीकडे जाताना उजेड बदलतो म्हणून.

यावर जुना आणि स्वस्त तोडगा आहे, हाफ लँबर्ट. शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये टाकायचं हे उजेडाचं सूत्र. व्हॉल्व्ह या कंपनीने १९९८ च्या हाफ-लाइफ या खेळासाठी काढलेला आणि २००७ च्या टीम फोर्ट्रेस २ मध्येही वापरलेला. साध्या लँबर्टमध्ये पृष्ठभागाची दिशा आणि प्रकाशाची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे त्या दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा घेतात. तो उणे १ ते १ असतो, आणि उणे आलं की सरळ शून्य धरतात. म्हणून उजेडाकडे पाठ असलेला अख्खा भाग सपाट काळा होतो, तटबंदीच्या बुरुजाचं तेच झालंय. हाफ लँबर्टमध्ये त्या आकड्याला ०.५ ने गुणून ०.५ मिळवतात. आता पाठीमागेही उतार शिल्लक राहतो, उजेड हळूहळू उतरत जातो. मूळ पद्धतीत नंतर वर्गही करतात. रंगवलेल्या टेक्श्चरसाठी मी वर्ग करत नाही, तेवढाही गडदपणा नको असतो.

निखळ_छटा

बाळ, मुद्दा रास्त आहे. पण हाफ लँबर्ट पूर्ण ताकदीने लावला तर रंगवलेला प्रकाश पुन्हा मागे पडतो. मी असं करतो: हाफ लँबर्टचा निकाल घ्यायचा आणि १ या आकड्याशी त्याचं मिश्रण करायचं, त्यात लाइटचा वाटा पाव ते तृतीयांश. म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या बाजूलाही टेक्श्चरचा रंग तीन चतुर्थांशाच्या आसपास टिकतो. आणि तो राखाडीने गुणायचा नाही. अंधाऱ्या बाजूला हलका निळसर जांभळा आणि उजेडाकडे पांढऱ्यालगतचा पिवळट, अशा दोन रंगांमध्ये मिश्रण करायचं. राखाडीने गुणलं की रंग मळतो.

म्हणजे पंढरी आणि बाळ दोघांचंही जमलं. उभ्या भिंतींना शून्य, हलणाऱ्या पात्रांना पाव.

पॉलिगॉन_पंढरी

पाव मान्य. पण मग नॉर्मल्स, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा, नीट करून घ्यायला हवेत. मोजक्या पॉलिगॉनच्या मॉडेलवर जरा जरी लाइट टाकला की प्रत्येक त्रिकोण वेगळा चमकून दिसतो आणि रंगवलेल्या गालावर चौकटी उमटतात. शेड स्मूथ करा, आणि तरी दिसलं तर डेटा ट्रान्स्फर मॉडिफायरने एखाद्या साध्या गोल आकाराचे नॉर्मल्स मॉडेलवर आणा. झाडांच्या पानांना तर हे हमखास करा. नाहीतर प्रत्येक पान वेगळ्या दिशेचा उजेड घेतं आणि झाड विस्कटलेलं दिसतं.

चित्रकला_काकू

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. तुमचे शेडर मला येत नाहीत, पण प्रकाश रंगवणं हा माझा प्रांत आहे, म्हणून लिहिते.

तटबंदी बाळा, तू लिहिलंस की चिऱ्याची खालची कड निळसर काळी ठेवलीस. किल्ल्यात जाऊन एकदा दुपारी बघ. ऊन वरून येतं, खालच्या मुरमाडी वाटेवर पडतं आणि तिथून उसळून पुन्हा दगडावर येतं. त्यामुळे चिऱ्याची जमिनीकडे तोंड केलेली कड निळी दिसत नाही, तपकिरी, ऊबदार दिसते. निळा कुठे दिसतो? सावलीत असलेल्या पण आकाशाकडे तोंड केलेल्या भागावर. पायरीची वरची बाजू जेव्हा तटाच्या सावलीत असते तेव्हा तिच्यावर आकाशाचा निळा उतरतो. काळा दगड तर हे रंग फार छान धरतो, कारण त्याचा स्वतःचा रंग मंद असतो. आणि खंदकाकडच्या बाजूला गवत असेल तिथे खालून हिरवट झाक येईल.

काळा रंग ट्यूबमधून सरळ घेऊ नकोस. गडद जागेतही थोडा तांबडा किंवा निळा असला की दगड जिवंत राहतो. पूर्वी टॉकीजबाहेर हाताने रंगवलेले मोठे बॅनर लागायचे. त्यात नायकाच्या गालाच्या सावलीत चक्क हिरवा नाहीतर जांभळा फटकारा असायचा. जवळून बघितला तर वेडावाकडा, रस्त्याच्या पलीकडून बघितला की चेहरा उठून यायचा. त्या रंगाऱ्यांना लांबून बघणारा माणूस कळत होता. फोनच्या पडद्यावर तुझा बुरूज अंगठ्याएवढा दिसणार, तेव्हा त्या हिशेबाने रंगव.

हुतात्मा_एक्स्प्रेस

काकू, काय सुंदर लिहिलंत. त्या बॅनरच्या परांच्या उभ्या करताना बघायला आम्ही शाळा सुटल्यावर थांबायचो. दोरखंडाने तुकडे वर चढायचे, आधी पाय, मग धड, शेवटी चेहरा. चेहरा लागला की गर्दी टाळ्या वाजवायची.

पॉलिगॉन_पंढरी

आमच्या पंढरपुरात जन्मलेले म. फ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, ते आठवलं. मोठ्या फटकाऱ्यात आकार पकडायचा सराव तिथला.

काकूंच्या ‘लांबून बघणारा’ या मुद्द्याला आमच्याकडे रोजचा उपाय आहे. टेक्श्चर रंगवताना शेजारी दुसरी खिडकी उघडून त्यात मॉडेल फोनवर दिसेल त्याच आकाराचं ठेवायचं. आणि मधूनमधून चित्र काळंपांढरं करून बघायचं. रंग गेल्यावरही दरवाजा भिंतीपासून वेगळा कळला पाहिजे. डोटा २ या खेळासाठी व्हॉल्व्हने पात्रं बनवणाऱ्यांना जी मार्गदर्शिका दिली आहे तिचाही भर यावरच आहे: वरचा भाग उजळ, पायाकडे गडद होत जाणारा उतार, आणि तपशील चेहरा-छातीच्या आसपास जास्त. वरून बघणाऱ्या खेळात नजर कुठे जाते त्याचा तो हिशेब आहे.

यंत्रमाग_राजू

थोडं विषयांतर करतो, पण कामाचं आहे. तुमच्या खेळात किल्ल्याबाहेर बाजार असेल ना? मग चादरीचं दुकान पाहिजेच. आमच्या घरी जॅकार्डवर चादरी विणतात. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही अंगांना येते, फक्त रंगांची अदलाबदल होते. एका बाजूला तांबड्यावर पांढरा मोर, उलटवली की पांढऱ्यावर तांबडा मोर. दुकानात दोरीवर टांगलेल्या, वाऱ्याने कड उलटलेल्या चादरी दाखवायच्या तर हे दिसलं पाहिजे. नाहीतर सोलापूरचा माणूस लगेच म्हणेल, ही चादर आपली नाही.

यासाठी दोन टेक्श्चर लागतील का?

निखळ_छटा

राजूभाऊ, प्रश्न झकास आहे. दोन लागणार नाहीत. नक्षीचा एकच काळापांढरा मुखवटा ठेवा आणि शेडरला दोन रंग द्या. काळ्या जागी पहिला, पांढऱ्या जागी दुसरा. पृष्ठभाग समोरून दिसतोय की मागून, हे शेडरला विचारता येतं. मागून असेल तर दोन रंगांची अदलाबदल करायची. फक्त बॅकफेस कलिंग (मागची बाजू वगळायची सोय) बंद ठेवा, नाहीतर मागची बाजू पडद्यावर दिसणारच नाही. वर तोच मुखवटा वापरून तांबडी, निळी, हिरवी अशा हव्या तेवढ्या चादरी होतील, मेमरी एकाच टेक्श्चरची.

घड्यांची सावली मात्र त्या मुखवट्यात रंगवू नका. ती व्हर्टेक्स कलरमध्ये, म्हणजे मॉडेलच्या कोपऱ्यांच्या बिंदूंवर साठवलेल्या रंगात द्या, म्हणजे प्रत्येक चादरीची घडी वेगळी पडेल.

यंत्रमाग_राजू

वा! आमच्याकडे नक्षी आधी चौकटीच्या कागदावरच भरतात, एकेक चौकट म्हणजे एकेक धाग्याची जागा. तो कागद स्कॅन करून दिला तर मुखवटा तयारच आहे की ओ. जुने कागद वडिलांनी जपून ठेवलेत, मोराचा नक्की मिळेल.

तटबंदी

राजूदादा, तो मोर मला हवाच! दुकान पहिल्याच टप्प्यात घेते.

सगळ्यांचे मनापासून आभार. व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड केला आणि एमिशन जोडला, दगड क्रिटामधल्यासारखा उभा राहिला. काकू, तुमच्या सांगण्यावरून दुपारी किल्ल्यात जाऊन आले. आतल्या तटाच्या पायथ्याशी बसून एकच चिरा रंगवला. खालची कड खरंच गुळासारखी तपकिरी दिसते, आणि सावलीतल्या पायरीवर निळा इतका स्पष्ट आहे की आता तो दिसायचा थांबत नाही. दगडाचं सगळं टेक्श्चर त्या हिशेबाने नव्याने रंगवतेय.

पुढची अडचण. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंचे बुरूज एकाच टेक्श्चरवर आहेत, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. मी उजेड डावीकडून रंगवलाय. त्यामुळे एका बुरुजावर तो डावीकडून येतो आणि दुसऱ्यावर उजवीकडून. काय करावं?

पॉलिगॉन_पंढरी

आरशातले यूव्ही (टेक्श्चर मॉडेलवर कुठे बसतं त्याचा नकाशा) वापरायचे असतील तर उजेड बाजूने रंगवायचाच नाही, वरून रंगवायचा. वरून आलेला उजेड उलटवला तरी वरूनच राहतो. सुरुवातीला ब्लेंडरमध्ये अँबियंट ऑक्लुजन (खाचाकोपऱ्यांतला अंधार) बेक करा, म्हणजे मोजून टेक्श्चरमध्ये उतरवून घ्या, आणि त्यावर वरून खाली एक हलका उतार टाका. तेवढ्यावर सांधे आणि कोपरे आपोआप बसतात. मग त्यावर हाताने रंगवा. डावी-उजवी बाजू दाखवायचं काम छटाच्या त्या पाव लाइटवर सोडा. इथे तो भिंतींनाही उपयोगी पडेल, माझा आधीचा आग्रह मी सोडला.

बाळीवेशीचा_बाळ

दादा पाव लाइटवर आले, माझा दिवस सत्कारणी लागला!

तटबंदी, फोनवर टाकण्याआधी यूव्हीच्या तुकड्यांभोवती रंग बाहेरपर्यंत ओढून घ्या. तुकड्याच्या कडेला लागून मोकळी काळी जागा राहिली तर लांबून बघताना मिपमॅपमध्ये (टेक्श्चरच्या लहान केलेल्या प्रतींत) ती आत मिसळते आणि सांध्यावर काळी रेघ दिसते. ब्लेंडरमध्ये बेक करताना मार्जिन असतं तेच काम.

निखळ_छटा

आणि कॉम्प्रेशन. १०२४ च्या टेक्श्चरला कॉम्प्रेशनशिवाय ४ एमबी लागतात. एएसटीसी या पद्धतीने ४×४ पिक्सेलचे ठोकळे केले तर १ एमबी, ८×८ केलं तर २५६ केबी. मोह ८×८ चा होतो, पण हाताने रंगवलेल्या टेक्श्चरमध्ये मऊ उतार आणि धारदार फटकारे शेजारी शेजारी असतात, तिथे मोठे ठोकळे लगेच उघडे पडतात. पात्रांच्या चेहऱ्याला आणि दरवाज्याला ४×४ ठेवा, लांबच्या तटाला ८×८ चालेल. लाइट मोजण्यात वाचवलेली ताकद इथे खर्च करा.

इंजिन कुठलं? गोडो असेल तर मटेरियलचं शेडिंग मोड ‘अनशेडेड’. युनिटीत यूआरपीचा ‘अनलिट’. कुठलंही असलं तरी टोनमॅपिंग (इंजिनमधलं व्ह्यू ट्रान्सफॉर्मसारखं रूपांतर) तपासा. तिथे ते चालू राहिलं तर अनलिट मटेरियलचा रंगही बदलतो, म्हणजे ब्लेंडरमधला पहिला प्रश्न पुन्हा दारात.

तटबंदी

गोडो वापरतेय. टोनमॅपिंग ‘लिनिअर’ केलं.

भावाच्या जुन्या फोनवर चालवून बघितलं. आधीच्या लाइट-सावल्यांच्या आवृत्तीत फोन तापून खेळ अडखळायचा, आणि मे महिन्यात आपल्याकडे फोन नुसता खिशात ठेवला तरी तापतो. नव्या आवृत्तीत गच्चीवर, संध्याकाळच्या उकाड्यातही सुरळीत चालला. पायाखालचा ठिपका टाकल्यावर भावानेही मान्य केलं, पात्र जमिनीवर आहे.

शेवटचा प्रश्न. खेळाचा शेवट गड्ड्याच्या यात्रेत करायचाय. संक्रांतीचे दिवस, नंदीध्वजांची मिरवणूक, आणि रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. दारू उडाली की तट लाल-हिरवा उजळायला हवा. पण माझा प्रकाश तर रंगात गोठलेला आहे!

निखळ_छटा

रात्रीसाठी सगळ्या टेक्श्चरांना एकाच निळ्या रंगाने गुणा, एक ग्लोबल शेडर पॅरामीटर पुरतो. दारूकामासाठी तटाच्या प्रत्येक व्हर्टेक्सवर एक आकडा साठवा: आकाशातून मैदानाच्या बाजूने उजेड आला तर हा भाग किती उजळेल. व्हर्टेक्स कलरचा एक चॅनल रिकामा असेलच. ब्लेंडरमध्ये मैदानाच्या वर एक दिवा टांगून एकदा बेक करा, मग हाताने दुरुस्त करा. खेळात दारू फुटली की त्या क्षणाचा रंग गुणिले तो आकडा, टेक्श्चरच्या रंगाने गुणून वर मिळवायचा, आणि अर्ध्या सेकंदात उतरवायचा. एकही खरा लाइट लागत नाही.

चित्रकला_काकू

आणि ते बेक केलेलं हाताने दुरुस्त करताना तलावाच्या बाजूला खालूनही थोडा उजेड दे. दारूकामाचा रंग पाण्यातून तटावर येतो, तो मी डोळ्यांनी बघितलाय.

तटबंदी

काकू, तलावाकडच्या तटाला त्यासाठी वेगळा चॅनल देते. छटा, हिरवा चॅनल घड्यांना गेलाय, निळा रिकामा आहे, तो मैदानाला. अल्फा तलावाला चालेल ना?

निखळ_छटा

चालेल. निर्यात करताना अल्फा सोबत जातोय का एवढं बघा.

यंत्रमाग_राजू

मोराचा कागद सापडला. कडेला थोडी वाळवी लागलीय, मोर शाबूत आहे. उद्या स्कॅन करून पाठवतो.

शेंगाचटणी

भाकरीवालीचं काय ठरलं?

तटबंदी

मॉडेल झालंय, लुगड्याचा रंग तुम्ही सांगा.